हिला ताण नको

११ जानेवारी

मी कधी दैनंदिनी लिहिलेली नाही. आमचं कपडे धुऊन-इस्त्री करून देण्याचं दुकान, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या पावत्या लिहिणं एवढंच माझं लेखन. पण आज डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की हिला ताण नको. आता दुकान आणि संसार म्हटला की ताण रोज दारात उभा. तो हिच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, तर ठेवायचा कुठे? म्हणून ही वही काढली.

आजाराचं नाव ल्यूपस. शरीराची राखण करायला आत जी शिपाईमंडळी असतात, ती घरच्याच माणसांना बडवत सुटतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्यावर ही पटकन म्हणाली, "म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हणा की." डॉक्टरीणबाईंना हसू आलं. मला नाही आलं. दोन वर्षं हिचे सांधे दुखतात म्हणून आम्ही तेल चोळत बसलो आणि गालांवरची लाली दुकानातल्या वाफेची म्हणून सोडून दिली.

"ताणाने हा आजार होतोच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण असलेला उसळतो. जमेल तेवढं यांना शांत राहू द्या." हे मी पक्कं धरून ठेवलं. पुढेही त्या बरंच सांगत होत्या. लघवीला फेस दिसला तर, पायांवर सूज आली तर, दर महिन्याची तपासणी, वगैरे. ते ही ऐकत होती. तो हिचा विभाग. ताण माझ्याकडे.

१९ जानेवारी

काल काउंटरवर रणकंदन झालं. एक गृहस्थ कोट परत घेऊन आला, म्हणे तुम्ही अस्तर फाडलंत. हिने पावतीवरची त्याची सही त्याच्याच नाकासमोर धरली. अस्तर फाटकंच आलं होतं, तसं लिहून घेतलं होतं. तो आवाज चढवायला लागला, तर हिने त्याच्यावर चढवला. आमच्याकडे मागे वाफेच्या इस्त्रीवर मामा असतात. ते तसे कुणाचेच मामा नाहीत, पण वीस वर्षं इथे आहेत म्हणून अख्ख्या गल्लीचे मामा. तेही इस्त्री ठेवून पुढे आले, कारण हिचं भांडण म्हणजे त्यांना फुकटचं नाटक. शेवटी गृहस्थ नरमला, माफी मागितली आणि जाताना दोन पँटी धुवायला टाकून गेला. ही दिवसभर गुणगुणत होती.

आज सकाळी हिची बोटं मिटेनात. ब्रश धरता येईना, मीच दात घासून दिले. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," ही म्हणाली, "माझी झाकतच नाही. आता मला कोण विचारतंय?" अशा वेळीही हिला विनोद सुचतात. मला रडू फुटलं, ते मी न्हाणीघरात जाऊन उरकलं.

काल भांडण, आज बोटं. यात समजायला अवघड काय आहे? उद्यापासून ही काउंटरवर बसणार नाही.

२ फेब्रुवारी

नियम ठरवले. वाईट बातमी जिन्याच्या वर न्यायची नाही. (आम्ही दुकानाच्या वरच राहतो.) कुणी विचारलं तर सगळं छान आहे म्हणायचं. मेहुणीला कळवलं, की तू काही दिवस येऊ नकोस. ती आली की गळ्यात पडून रडते, आणि मग दोघी मिळून रडतात, आणि मग दोघी मिळून हसतात. एवढी उलथापालथ हिला झेपायची नाही.

मामांना एक खूण शिकवली. दुकानात काही बिनसलं आणि ही जवळपास असली, की म्हणायचं, "पाण्याचा दाब कमी आहे." मग मी खाली जातो. मामांना हे आवडलं नाही असं दिसलं. ते म्हणाले, "वहिनींना खाली बसू द्या हो. त्या नाहीत तर दुकान मुकं वाटतं." मी म्हटलं, मुकं तर मुकं, जीव मोठा की दुकान?

संध्याकाळी वर गेलो की ही विचारते, "आज कोण कोण आलं?" मी म्हणतो, "नेहमीचेच." "काय म्हणत होते?" "छान म्हणत होते." मग ही भिंतीकडे तोंड करून पडते. शांत पडलेली असते. एवढं शांत मी हिला लग्नापासून पाहिलेलं नाही.

५ मार्च

आज कुठून उठलो असं झालं. आमच्या लेकीचा दुकानाच्या फोनवर फोन. ती परगावी असते, नवऱ्याच्या घरी. म्हणजे असायची. तिने ते घर सोडलं, दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं, आता एक खोली भाड्याने घेऊन राहते आहे. हे सगळं होऊन गेल्यावर मला सांगते आहे. माझ्या तोंडातून पहिलं निघालं ते, "आईला एक अक्षर कळता कामा नये."

ती म्हणाली, "बाबा, मला आईशी बोलायचंय."

मी म्हटलं, "तुझं रडणं महत्त्वाचं की तिचा जीव?"

ती म्हणाली, "बरं, बाबा." पोर समजूतदार आहे. मी जरा टाकून बोललो, ते मात्र आता खातंय.

मामांनी ऐकलं होतं. मी वर आलो तर माझ्या मागोमाग दारात येऊन म्हणाले, "पाण्याचा दाब फारच कमी आहे." ही पलंगावरून म्हणाली, "फारच? मग कोण गेलं ते तरी सांगा." मी हसून वेळ मारून नेली.

१७ एप्रिल

तपासणीच्या आदल्या रात्री हिला झोप लागत नाही. मागच्या वेळी मी जागा राहून पाहिलं, ही नुसती छताकडे बघत होती. मग सुई, मग निकालाची वाट, मग ते आकडे. म्हणजे ताण कुठून येतो म्हणून मी घर पालथं घालतोय आणि तो तपासणीतूनच येतोय! मार्चची तपासणी टाळली होती, काही बिघडलं नाही. ह्या महिन्याचीही टाळली. दवाखान्यातून फोन आला, तर सांगितलं की आम्ही गावाला आहोत.

ही म्हणाली, "तपासणी कधी आहे हो?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू. तू छान आहेस." "बरं," म्हणाली.

थोड्या वेळाने परत म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं."

मी चेष्टेने म्हटलं, "वाईट असेल तर नको हं. नियम म्हणजे नियम." तरी मी घाबरलो, आणि ते तोंडावर दिसलं असणार. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाईट कसलं? मला चपला एक नंबर मोठ्या आणा, एवढंच."

मला किती बरं वाटलं. माणसाला नवीन चपला हव्याशा वाटतात म्हणजे चालायची उमेद आली. लगेच जाऊन घेऊन आलो. मऊ, रुंद पट्ट्यांच्या.

२९ मे

हिची तब्येत सुधारते आहे. चेहरा भरला आहे, गाल वर आले आहेत. मी म्हटलं, "लग्नाच्या फोटोतल्यासारखी दिसतेस." त्यावर ही म्हणाली, "तेव्हा तुम्हाला चष्मा नव्हता." न्हाणीघरात मात्र फार वेळ असते आणि बादल्या ओतत असते. स्वच्छतेची पहिल्यापासूनच हौस.

एक गोष्ट खटकली. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेले पडदे आमच्याकडे पडून आहेत. त्यातले दोन आखूड पडदे हिने वर मागवून घेतले आणि म्हणाली, "हे लेकीला पाठवा. तिच्या खिडकीला एवढेच पुरतील." आता जावयाच्या घराच्या खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत आहेत, हिने स्वतः पाहिल्या आहेत. औषधांनी हिची स्मृती उणावत चालली असावी. मी वाद घातला नाही, पाठवून दिले.

लेकीचा फोन आला. म्हणाली, "आईला सांगा, बरोबर बसले." सावरून घेते बिचारी.

९ जुलै

परवा पहाटे हिला श्वास घेता येईना. मी हाताला धरून उठवायला गेलो तर माझी बोटं हिच्या दंडात रुतली आणि काढली तरी खड्डे तसेच राहिले. पाय तर उशांसारखे झाले होते. मामांनी आणि मी मिळून खाली उतरवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बाकावर बसवून विचारलं, "चार महिने एकही तपासणी नाही. का?" मी म्हटलं, हिला ताण नको म्हणून. त्या म्हणाल्या, "आजार मूत्रपिंडांत उतरलाय. तो मार्च-एप्रिलमध्ये सापडला असता तर औषधांनी आवरता आला असता. फेस येत असणार. यांनी काहीच सांगितलं नाही तुम्हाला?"

मी आत जाऊन हिला विचारलं. नाकात नळी होती, तरी बोलली. "फेस मार्चपासून येतोय. मी पाणी ओतून घालवायचे."

"अगं, पण मला सांगायचं नाहीस?"

"सांगायला आले होते. तुमचा चेहरा असा झाला, की वाटलं हे माझ्याआधी जातील." मग म्हणाली, "तुम्हाला ताण नको म्हणून हो."

आणि लेकीचं? तेही हिला ठाऊक होतं. माझ्याही आधीपासून, फेब्रुवारीपासून. दोघी रोज दुपारी मी खाली असताना बोलत असत, आणि मला झेपणार नाही म्हणून सगळं उरकेपर्यंत मला काही कळू द्यायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. मार्चमधला तो फोनही लेकीने हिला विचारूनच केला होता, चोरून बोलणं संपावं म्हणून. मी एवढे पहारे बसवले ते कुणावर?

मी नालायक आहे. हे लिहून ठेवतो, कारण तोंडाने म्हटलं की ही मलाच समजावत बसते.

२४ जुलै

मूत्रपिंडं काम करत नाहीत. एक दिवसाआड मशीनवर रक्त धुवावं लागतं. आयुष्यभर आम्ही लोकांचे कपडे धुतले, पण अशी धुलाई मी पाहिली नव्हती. चार तास हिचं रक्त नळीतून बाहेर जातं आणि परत येतं, आणि मी शेजारी स्टुलावर बसतो.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, की तुम्हीच तर म्हणाला होतात ताण नको. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताण म्हणजे भांडण, एवढंच धरलंत का तुम्ही? माणूस दिवसभर काही लपवत बसलं तर त्याचं अंग काय विसावा घेतं?" मग पाठीवर हात ठेवला. त्या हाताने मला जास्त लागलं.

आज मशीन चालू असताना मी हिला सगळं सांगितलं. दवाखान्याच्या फोनला गावाला आहोत म्हटलं ते, मेहुणीला येऊ नको म्हटलं ते, दुकानातली गिऱ्हाइकं कमी झाली ते. हिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या बहिणीचं कळलं होतं. गिऱ्हाइकांचं वरच्या खिडकीतून दिसत होतं. पुढे?" पुढे काही नव्हतं.

जुने नियम मोडले. आता नवा केला. दोघांनी खरं तेच बोलायचं, आणि एकाने जे सांगितलं ते दुसऱ्याने खरं मानायचं. मागून चौकशा नाहीत, कान लावणं नाही. ही म्हणाली, "तुम्हाला नियमाशिवाय करमत नाही ना?" पण हात पुढे केला. बोटं पूर्ण मिटली नाहीत, तरी मी धरला.

६ सप्टेंबर

मशीन हिला मानवत नाही. दर वेळी रक्तदाब ढासळतो, डोळे फिरतात, धावपळ होते. आजाराने हृदयाच्या आवरणालाही सूज आणली आहे. घरी येते ती पिळून काढलेल्या चादरीसारखी, आणि जरा माणसात येते तोवर पुढची पाळी. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "आज तू फार वाईट दिसतेस." ही म्हणाली, "खरं बोला म्हटलं, म्हणून लगेच एवढं?"

मी लपून रडत नाही आता. समोरच रडतो. ही बघते आणि म्हणते, "झालं? चहा टाका मग."

मला आशा नाही. खरं लिहायचं तर ते असं आहे.

१४ ऑक्टोबर

आजचा दिवस वेगळा! डॉक्टरीणबाईंनी हिला बोलायला बोलावलं होतं. मला खालून औषधं आणायला पाठवलं. खाली रांग होती, वेळ लागला. वर आलो तर त्या हिचा हात हातात घेऊन बसल्या होत्या, आणि ही त्यांना कसलासा डाग कसा काढायचा ते सांगत होती. दोघी हसत होत्या. मी आणलेली औषधं त्यांनी चाळली आणि निम्मी परत करायला सांगितली. लागणार नाहीत म्हणे. दारापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "आता यांना जे आवडेल ते करू द्या. खाण्याचं पथ्यही नको." इतक्या मोठ्या बाई, पण मला नमस्कार केला.

येताना गाडीत हिने सांगितलं, "मशीन थांबवायचं ठरलं."

"कायमचं?"

"कायमचं. आता त्याचा उपयोग नाही म्हणाल्या."

मी सप्टेंबरमध्ये या वहीत काय लिहिलं होतं, त्याची लाज वाटली. "मला आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "आजच ठरलं. नियम आहे ना, म्हणून लगेच सांगितलं." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वर्षभरात प्रथमच हिच्या कपाळाला आठी नव्हती.

१६ ऑक्टोबर

लेक आली. चांगल्या दोन बॅगा घेऊन आली, नोकरीतून मोठी रजा टाकली आहे. मेहुणीही आली. घर भरून गेलं. लेकीला मी म्हटलं, "आई बरी होतेय आणि आता तू आलीस, बघ." ती इस्त्रीच्या खोलीत निघून गेली. डोळे लाल करून बाहेर आली. त्या वाफेची तिला सवय राहिली नाही.

मामांचं काय बिनसलंय कळत नाही. आज एकाच शर्टाला तीन वेळा इस्त्री करत होते.

ही मात्र जोरात आहे. बसवत नाही फार, उशी लावून द्यावी लागते, पण सकाळी तासभर लेकीला जवळ घेऊन तिला शिकवत होती. शाईच्या डागाला काय, गंजाच्या डागाला काय, कुठल्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं नाही. मग मला बोलावलं. माझे लोकरीचे कपडे कुठल्या पेटीत आहेत, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे असतात, चहात साखर किती हे लेकीला पाठ करायला लावलं. मी म्हटलं, "अगं, हे सगळं तू आहेस की बघायला." "असू दे, माहीत असलेलं बरं," म्हणाली. माणूस पुढचा विचार करायला लागलं, की समजावं दुखणं मागे पडलं.

मेहुणी हिच्या गळ्यात पडून रडली. दोघी हसल्याही. मी मध्ये पडलो नाही.

१८ ऑक्टोबर

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत ही झोपूनच होती. मशीनचा जाच गेला, अंग विश्रांती घेतं आहे. उठली ती म्हणाली, "मला खाली उन्हात बसवा."

ह्या आजारात ऊन म्हणजे वैरी. हिने वर्षभर अंगावर घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "चालतं का?"

"आता चालतं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या?"

"जे आवडेल ते करा म्हणाल्या. तुमच्यासमोरच म्हणाल्या ना."

क्षणभर मनात आलं, एकदा फोन करून विचारावं. फोन हातात घेतलाही. मग वाटलं, हीच माझी खोड. हिने सांगितलं म्हणजे खरं, एवढं आमचं ठरलेलं आहे, आणि पुन्हा पाठीमागून चौकशी करायची तर ह्या वर्षातून मी काय शिकलो? फोन ठेवून दिला.

मामांनी दुकानाच्या पायरीपुढे खुर्ची मांडली. मी एकट्याने हिला उचलून खाली आणलं, इतकी हलकी झाली आहे. हिने डोळे मिटून तोंड वर केलं. लेक येऊन हिच्या पायाशी बसली आणि मांडीवर डोकं ठेवलं. हिची वाकडी बोटं तिच्या केसांतून फिरत होती.

मी समोर उभा राहून दोघींना माझा बेत सांगत होतो. पुढच्या वर्षी दुसरी इस्त्री घ्यायची. लेक इथेच राहिली तर काउंटरला दोन खुर्च्या करायच्या, एक हिची, एक तिची. वरच्या खोलीला रंग द्यायचा, कुठला ते हिने ठरवायचं. ही ऐकत होती. हसलीही.

मग म्हणाली, "अहो, जरा सरका. तुमची सावली पडतेय माझ्यावर."

मी बाजूला सरकलो आणि पुढचं सांगू लागलो.